स्वच्छतेचा डाग

काँक्रीटची पायरी पूर्ण कोरी अशी एकच संध्याकाळ असते. मिस्त्री वरून कोरडं सिमेंट भुरभुरतो, थापीने घोटून घोटून चकाकी आणतो, दोन विटांवर एक फळी आडवी ठेवतो आणि ‘सकाळपर्यंत कोणी पाय देऊ नका’ असं बजावून मोटारसायकलला किक मारतो. बजावतो तो आपल्याला. गल्लीतल्या कुत्र्याला कोणी बजावत नाही. नगरमध्ये सावेडी घ्या, केडगाव घ्या, भिंगार घ्या. अख्खा रस्ता मोकळा पडलेला असताना ते नेमकं त्याच रात्री फळीखालून शिरतं, तिन्ही पायऱ्या चढतं, आत अजून स्वयंपाकघर सुरू झालेलं नाही याची खात्री करून घेतं आणि उतरतं. त्यामुळे चढतीचे आणि उतरतीचे असे दोन्ही ठसे मिळतात. वास्तुशांतीच्या पत्रिकेवर कोणाचंही नाव छापा, गृहप्रवेश त्याने केलेला असतो.

ठशाचा मात्र कोणाला त्रास होत नाही. तो जाणार नाही हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना मान्य असतं. त्रास डागाचा. कारण डाग जाईल अशी आशा असते, आणि नगरमध्ये आशेला जरा जागा दिसली की सल्ला द्यायला चार माणसं उभी राहतात.

जुन्या नगरात ही भानगड नव्हती. मलिक अहमद निजामशहाने १४९० मध्ये हे शहर वसवलं, तेव्हापासून पुढची काही शतकं इथं दगड आणि चुना यांचंच राज्य होतं. माळीवाडा, तोफखाना, कापडबाजार या बाजूच्या वाड्यांच्या पायऱ्या घडीव काळ्या दगडाच्या. त्या दगडावर पिढ्यान्‌पिढ्या तेल सांडलं, कुंकू सांडलं, पानाच्या पिचकाऱ्या उडाल्या. दगड आणखी थोडा काळा झाला आणि बघणारे म्हणाले, “काय जुना दगड आहे बघा!” डागाला वय चढलं की त्याचा वारसा होतो, पण त्यासाठी मुळात रंग काळा लागतो.

मग १८२४ साली तिकडे इंग्लंडात लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने एका नव्या सिमेंटचं पेटंट घेतलं. ते वाळलं की पोर्टलंडच्या खाणीतल्या दगडासारखं दिसतं, म्हणून नाव ठेवलं पोर्टलंड सिमेंट. तो दगड फिकट. तिकडच्या लोकांना फिकट रंगाचं मोठं कौतुक. हा माल पुढे मावा खाणाऱ्या जिल्ह्यात जाणार आहे, हे त्या गवंड्याच्या कानावर कोणीतरी घालायला हवं होतं.

मावा म्हटल्यावर बाहेरच्या पाहुण्याने मिठाई समजून हात पुढे करू नये. नगरी मावा म्हणजे कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना, प्लास्टिकच्या कागदात घालून तळहातावर घोट घोट घोटलेला. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, माव्यावर पोलिसांचे छापे पडतात, वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर जप्त मालाचा फोटो येतो आणि तो फोटो टपरीवर उभं राहून मावा घोटत घोटत वाचला जातो.

आता पायरीवर थुंकतं कोण? कोणीच नाही. हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे आणि त्यावर माझा विश्वासही बसला आहे. नळ दुरुस्त करणारा थुंकत नाही, वायरमन थुंकत नाही, रंगारी तर म्हणतो, “आपण खातच नाय, साहेब,” आणि हे म्हणताना तो मान वर करून आभाळाकडे बघत असतो. तोंडात मावा असलेल्या माणसाची ही खूण आहे. खालचा ओठ किंचित पुढे, हनुवटी वर आणि बोलण्यात नुसते स्वर. ‘आं’, ‘ऊं’, ‘ओओ’ एवढ्यावर तो अर्धा तास संभाषण चालवू शकतो. नळाचा वायसर बदलायचा का? ‘ऊं.’ उद्या येणार का? ‘आं.’ पण पैशाचा विषय निघाला की व्यंजनं लागतात. साडेसातशे हा आकडा तोंड भरलेलं असताना उच्चारता येत नाही. घरात थुंकणं बरं दिसत नाही, दारात मोठी माणसं उभी, त्यांच्यासमोर रस्त्यापर्यंत पळत जाणं हेही बरं दिसत नाही. उरते पायरीची कड. म्हणजे हा डाग असंस्कृतपणातून पडतो असं जे म्हणतात ते पूर्ण खरं नाही. त्यात वडीलधाऱ्यांचा मान राखण्याचा भागही असतो.

आणि हा डाग पडतो तो नुसता पडत नाही, तयार होतो. सुपारीत टॅनिन असतं, ते चुन्याच्या संगतीने लाल-तपकिरी रंग धरतं. सिमेंट पाण्याबरोबर घट्ट होतं तेव्हा त्याच्या पोटातही चुना तयार होतच असतो. त्यामुळे तोंडात सुरू झालेलं काम पायरीवर पुढे चालू राहतं. सुपारी आणि तंबाखू आलेल्या माणसाची, वरचा चुना घरमालकाचा. शिवाय काँक्रीट दिसतं घट्ट, पण आतून ते बारीक बारीक छिद्रांनी भरलेलं असतं आणि पडेल ते ओढून घेतं. आमच्या मिस्त्रीने हे कुठल्याही पुस्तकाशिवाय सांगितलं होतं, “काँक्रीट हाय ते, साहेब. पितंच. त्याला आपन काय करनार?” हे सांगताना तोही आभाळाकडे बघत होता.

असा डाग पायरीवर वर्ष वर्ष सुखाने राहतो. घरातलं कोणी त्याच्याकडे बघत नाही. डाग दिसण्यासाठी पाहुणे ठरावे लागतात. मुलीला बघायला संगमनेरकडची मंडळी रविवारी येणार असं ठरलं की शनिवारी संध्याकाळी घरातली कर्ती बाई फाटकाबाहेर जाते, पाहुण्याच्या नजरेने घराकडे बघते आणि पहिलं वाक्य येतं, “अगबाई! हे केव्हा पडलं?” 

इथून पुढे गल्ली जागी होते.

आमच्या गल्लीत या विषयातला शेवटचा शब्द सरांचा. सर निवृत्त शिक्षक, विषय भूगोल. पण निवृत्तीनंतर माणसाचा विषय राहत नाही, फक्त अधिकार राहतो. सर हात पाठीमागे बांधून डागाभोवती एक फेरी मारतात, चपलेच्या टोकाने त्याची कड तपासतात आणि विचारतात, “जुना आहे की ताजा?” डाग जुना असला तर ‘ताजा असताना यायला हवं होतं’ आणि ताजा असला तर ‘जरा वाळू द्यावा’ असं त्यांचं मत असतं. समोरच्या काकू लिंबू आणि मीठ घेऊनच येतात. कोपऱ्यावरच्या आजी राख सांगतात, मग स्वतःच म्हणतात, “पण आता चुली कुठं राहिल्यात?” एक जण रॉकेल सांगतो. त्यावर रॉकेल शेवटचं रेशनवर कधी मिळालं होतं, यावर चर्चा होते आणि डाग पंधरा मिनिटं बाजूला पडतो.

मग मेव्हणा येतो. प्रत्येक घराला एक मेव्हणा असतो आणि त्याच्या डिकीत ॲसिडची बाटली असते. “काय राव, लिंबू काय चोळताय! सरका.” बाटलीचं झाकण निघतं, पायरीवर धार पडते आणि फस्सकन पांढरा फेस उठतो. सत्यनारायणाच्या आरतीला जमावीत तशी माणसं भोवती जमतात. फेस बघून सगळ्यांना समाधान वाटतं. डाग उकळतोय, असं सगळे समजतात. प्रत्यक्षात उकळत असते ती पायरी. बाथरूम धुण्याच्या त्या ॲसिडचं आणि सिमेंटमधल्या चुन्याचं हाडवैर आहे. फेस म्हणजे पायरीचा वरचा थर विरघळताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड. डाग जातो हे खरं, पण तो ज्या थरावर बसला होता त्या थराला घेऊन जातो. खाली वाळूचे कण उघडे पडतात, जागा खरखरीत होते आणि पुढची पिचकारी तिथं दुप्पट घट्ट धरून बसते.

अशाच एका प्रसंगी सरांनी सुचवलं होतं की आता वरून थोडी ब्लीचिंग पावडर टाकावी, म्हणजे उरलंसुरलंही जाईल. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली त्यांची नात कंपाउंडपलीकडून ओरडली, “आजोबा, नको! ॲसिडवर ब्लीचिंग टाकलं की क्लोरीन निघतो. दम कोंडेल सगळ्यांचा!” सर दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, “तेच सांगत होतो यांना.”

पण खरी गंमत डाग गेल्यानंतर सुरू होते. पाणी ओतून, खराट्याने घासून, पायरी वाळली की सगळे मागे सरकून बघतात. आणि बोलायचे थांबतात. कारण जिथं डाग होता तिथं आता एक पांढराशुभ्र गोल असतो. भोवतीची सगळी पायरी अचानक काळवंडलेली, मळकट, कळकट दिसू लागते. पूर्वी पायरी स्वच्छ होती आणि तिच्यावर एक डाग होता. आता पायरी हाच एक डाग आणि त्यात स्वच्छतेचा ठिपका. फाटकातून शिरणाऱ्याची नजर आधी कदाचित चुकली असती, आता चुकणं शक्य नाही.

मग ती पायरी पूर्ण घासावी लागते. एक घासली की खालच्या दोन वाईट दिसतात. तिन्ही झाल्या की वरचा ओटा. ओटा झाला की जोत्याची भिंत, तिच्यावरचे पावसाचे ओघळ. शनिवारी रात्री अकराला एक माणूस कंपाउंडच्या भिंतीवर तारेचा ब्रश चालवताना दिसला तर वेडा समजू नये; त्याची सुरुवात एका बोटभर डागाने झालेली असते. आमच्या गल्लीत एका घरी माव्याच्या एका पिचकारीपायी अखेरीस नवं ग्रिलचं फाटक बसलं आणि ते बसवताना वेल्डरने पायरीवर ठिणग्या पाडल्या. 

त्यावर कोणी म्हणेल, भरपूर पाणी मारून सगळी पायरी एकदम धुवावी. असं म्हणणारा माणूस नाशिकचा किंवा कोल्हापूरचा असतो. नगर शहरात पाऊस पडतो वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर, तोही तारीख न देता. नळाचं पाणी मुळा धरणातून येतं. ते येतं तेव्हा माणसं पायऱ्या धुवत नाहीत, टाक्या भरतात. इथून जवळच हिवरे बाजार आहे. तिथं दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, किती पाऊस झाला, प्यायला किती, जनावरांना किती, पिकांना किती. तिथल्या ग्रामसभेत उभं राहून ‘माव्याच्या डागासाठी तीन बादल्या’ ही रक्कम कोणत्या खात्यावर टाकायची, हे विचारण्याची माझी तरी छाती नाही.

उरतं बोअरचं पाणी. ते क्षारांनी इतकं जड असतं की बादली उचलतानाही फरक जाणवतो, असं आमच्याकडच्या बायका म्हणतात. या पाण्याने पायरी धुतली की संध्याकाळी ती छान दिसते. सकाळी ऊन लागलं की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. पांढरे नकाशे उमटतात. भूगोलाच्या सरांना त्यात एकदा ऑस्ट्रेलिया दिसला होता. शिवाय काँक्रीटच्या आतले क्षारही ओलीबरोबर वर येऊन बसतात, त्याला लोणा म्हणतात. लोण्यावर पाणी मारलं की तो विरघळून आत जातो आणि वाळल्यावर पुन्हा वर येतो. त्याला कोरड्या ब्रशने झाडून टाकणं एवढंच औषध आहे, पण कोरड्या ब्रशने झाडणं याला आपल्याकडे कोणी काम समजत नाही. पाण्याचा आवाज आल्याशिवाय घर स्वच्छ झालं असं सासूला वाटत नाही.

याच्या वरची पायरी म्हणजे काटकसरी घर. घरात आरओ बसवलेला असतो. त्यातून एक नळी पिण्याचं पाणी देते आणि दुसरी टाकाऊ पाणी. टाकाऊ पाणी वाया घालवायचं नाही म्हणून ते बादलीत साठवतात आणि रोज निष्ठेने त्याने पायऱ्या धुतात. पिण्याच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्या बादलीत आलेले असतात. गाळून, वेचून, जमा करून, मशीन लावून काढलेले क्षार रोज सकाळी पायरीवर ओतायचे आणि मग पायरी पांढरी का पडते म्हणून सिमेंटच्या कंपनीला नावं ठेवायची, हा कार्यक्रम घरोघर चालतो.

जिल्हा मोठा असल्याने डागांचेही तालुके पडले आहेत. पश्चिमेला अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर, घाटघर-रतनवाडीकडे, चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथं पायरीवर शेवाळ. त्या लोकांना डाग वगैरे चैनीचे प्रश्न पडत नाहीत; पाय घसरून कंबरडं मोडलं नाही म्हणजे पायरी स्वच्छ. ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासतात आणि पुन्हा पाऊस येतो. उत्तरेला साखर कारखान्यांचा पट्टा. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५० मध्ये तिथं गाळप सुरू झालं, आणि पुढे जिल्हाभर चिमण्या उभ्या राहिल्या. हंगाम सुरू झाला की बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं, जाळून निघालेली काजळी हवेतून गच्चीवर, वाळवणावर, पायरीवर उतरते. तिकडच्या बायकांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: काजळी कोरडी असेपर्यंत हलक्या हाताने झाडून घ्यायची. नव्या सुनेने तिच्यावर पाणी ओतलं की पायरीवर शाई होते. ऊसबिल वेळेवर जमा झालं असेल तर या काजळीबद्दल कोणी बोलत नाही.

आणि नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर. घरांना दारं नाहीत ही त्या गावाची ख्याती. दार नसलं तरी पायरी असतेच, आणि पायरी असली की तेल. शनीच्या शिळेला रोज एवढं तेल वाहिलं जातं की बाटली हातात घेऊन आलेला भाविक परत जाताना बोटं पुसायला काहीतरी शोधतच असतो. पुढे तर भेसळीच्या तेलाने शिळेची झीज होते म्हणून देवस्थानने २०२५ मध्ये भेसळीचं तेल बंद करून फक्त चांगलं, ब्रँडेड खाद्यतेलच वाहायचं ठरवलं. साक्षात शनिदेवाला तेलाचा दर्जा तपासून घ्यावा लागतो. मग पार्किंगच्या उतारावर गळणाऱ्या मोटारसायकलच्या ऑइलबद्दल आपण कोणाकडे दाद मागावी?

या ऑइलवर मात्र आमच्या गल्लीत एक उपाय खरोखर चालला, आणि तो सापडला अपघाताने. तेलाचा डाग घासून जात नाही, तो शोषून घ्यावा लागतो. काकूंच्या मुलीने चेहऱ्याला लावायला आणलेली मुलतानी माती डागावर सांडली आणि कंटाळ्यापोटी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी झाडली तर तेल बरंचसं मातीत आलेलं. मुलतानी माती तेल पिते. लोक म्हणूनच तोंडाला लावतात. मग रीतसर लेप झाला, वर प्लास्टिकचा कागद, कडेला चार खडे. “माझ्या फेसपॅकचे पैसे कोण देणार?” असं मुलगी विचारत राहिली. डाग गेला आणि त्या जागी काय दिसलं हे आता सांगायला नको. गोरापान ठिपका.

गंजाचं थोडक्यात. गॅसवाला सिलिंडर पायरीवर टेकवतो आणि ओल्या पायरीवर तांबडी कडी उमटते. तिथं लिंबू थोडंफार चालतं, म्हणजे काकू इथं बरोबर असतात, पण ब्लीचिंग पावडर टाकली तर गंज आणखी पक्का बसतो. दर सिलिंडरला नवी कडी. पाच-सहा झाल्या की ऑलिंपिकचं बोधचिन्ह.

काही डाग असे की ते काढण्याची गोष्ट काढली तरी घरात भूकंप होतो. गौरी येतात तेव्हा फाटकापासून देवघरापर्यंत कुंकवाच्या पाण्याने पावलं काढतात. ती पावलं महिनाभर पायरीवर राहतात आणि कामाला येणाऱ्या मावशी त्यांच्याभोवतीने फडका फिरवतात. मी एकदा म्हटलं, “आई, आता पुसायची का?” तर उत्तर आलं, “आलेल्या लक्ष्मीची पावलं पुसतोस?” पावलं उलटी, म्हणजे बाहेर जाताना काढली असती तर पुसता आली असती का, हे विचारायचं धाडस झालं नाही. एका हुशार घराने दरवर्षीचा त्रास नको म्हणून ऑइल पेंटनेच पावलं रंगवून टाकली. आता त्यांच्याकडे लक्ष्मी बारा महिने येतेच आहे, फक्त आत पोचल्याचं दिसत नाही.

दसऱ्याला तर पायरीवर रसायनशास्त्राचं प्रदर्शनच भरतं. गाडीला हार, चाकाखाली लिंबू, पायरीच्या कोपऱ्यावर नारळ. नारळ फुटण्याआधी पायरीचा कोपरा फुटतो ते सोडा. चिरडलेल्या लिंबाचा रस सिमेंट खातो आणि पांढरट चट्टा सोडतो. त्यावर हळद. नव्या सिमेंटवर हळद पडली की ती लाल होते. कपड्यावरच्या हळदीला साबण लावल्यावर जे होतं तेच, क्षाराला भेटली की रंग बदलते. म्हणजे हळद वाहिली तरी कुंकू वाहिल्याचं पुण्य. उन्हापावसाने पायरी जुनी झाली की वरच्या थराचा क्षारपणा उतरतो आणि हळद पिवळीच राहते. इंजिनिअर लोक काँक्रीटचा हाच क्षारपणा जोखायला फिनॉल्फ्थॅलीन नावाचं औषध फवारतात आणि गुलाबी रंग येतो का ते बघतात. आमच्याकडे त्याच तपासणीला लग्नाआदल्या दिवशी शे-दीडशे माणसं जेवायला बोलावतात. हळदीच्या डागाला काही करू नये, ऊन लागलं की तो आपोआप फिका पडतो. ऊन ही एकच गोष्ट नगरमध्ये नळाला न येता मुबलक मिळते.

दिवाळीतल्या सापाच्या गोळीला मात्र ऊनही हरतं. काळी गोळी पेटवायची, तिच्यातून वळवळत काळा साप निघतो, आणि तो वाऱ्याने उडून गेला तरी त्याची जागा पायरीवर कायम. गल्लीतल्या कुठल्याही घराची मधली पायरी बघा, रुपयाएवढे काळे ठिपके दिसतील. ते लावणारा मुलगा आज हिंजवडीत नोकरीला आहे आणि तिथून आईला व्हिडिओ पाठवतो, “आई, टूथपेस्टने जातं बघ.” आई टूथपेस्ट लावते. टूथपेस्ट महाग, ठिपका काळा, आणि पायरीला पुदिन्याचा वास.

या सगळ्यात मला कधी कधी जिल्ह्याच्या नव्या नावाची काळजी वाटते. २०२४ मध्ये नगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. अहिल्यादेवी इथल्याच, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, जन्म १७२५ चा. त्यांनी देशाला काय दिलं? देवळं दिली, विहिरी दिल्या, धर्मशाळा दिल्या आणि घाट दिले. घाट म्हणजे शेवटी पायऱ्याच. महेश्वरला नर्मदेवर पायऱ्या, काशीला गंगेवर पायऱ्या. पायऱ्या बांधण्यात अख्ख्या हिंदुस्थानात ज्यांचा हात धरणारं कोणी नाही त्यांच्या नावाचा हा जिल्हा, आणि त्यात आमची तीन पायऱ्यांवर ही दशा. त्या घाटांवर अडीच शतकं लोक तेल लावून अंघोळ करताहेत, दिवे सोडताहेत, फुलं, राख, कुंकू, सगळं तिथंच. तरी कोणी सरांना बोलावलेलं नाही. एक तर तिथं दगड आहे. दुसरं म्हणजे काशीला दर पावसाळ्यात गंगा स्वतः पायऱ्यांवर चढते, घाट बुडवते, आणि उतरताना एवढा गाळ ठेवून जाते की तो पंप लावून काढावा लागतो. खालचे डाग कोण बघतो! आमच्याकडे नदी आहे सीना. वर्षातला बराच काळ तिचीच पायरी कोरडी असते. ती आमची काय धुणार?

काकूंनी शेवटी या सगळ्यावर तोडगा काढला. डाग काढायचाच नाही, झाकायचा. काथ्याचं जाडजूड पायपुसणं आणलं, त्यावर ‘सुस्वागतम्’. ते वरच्या पायरीवर, माव्याचा जुना डाग आणि ॲसिडचा पांढरा गोल या दोघांनाही पोटात घेईल असं बसवलं. महिनाभर पायरी अगदी सभ्य दिसली. मग मृग नक्षत्र एका संध्याकाळी बरसून गेलं. काथ्या भिजला. काथ्यातही टॅनिन असतं, हे तोपर्यंत गल्लीत कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. चार दिवसांनी पायपुसणं वाळत घालायला उचललं तर खाली चहाच्या रंगाचा, काटकोनात आखलेला, पायपुसण्याच्या मापाचा चौकोन.

सर आले. हात मागे, एक फेरी, चपलेचं टोक. लिंबू नको म्हणाले. ॲसिडची बाटली घेऊन मेव्हणा फाटकातून आत येत होता, त्याला हातानेच थांबवलं. बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिले.

“वहिनी, कडा सरळ आल्यात.”

“मग?”

“चौकोनी आहे. डिझाइन म्हणून खपतं. खालच्या दोन पायऱ्यांवर पण एकेक टाका, पाऊस आहे तोवर.”

काकूंनी त्याच संध्याकाळी मुलाला कापडबाजारात पाठवून आणखी दोन पायपुसणी मागवली, आणि ती अंथरून वरून एक एक तांब्या पाणी घातलं.